नाव झालं, गाव कुठलं?

आपल्याकडे माणसाची ओळख एका प्रश्नात संपत नाही. नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "मूळ गाव कुठलं?" आडनावामागे 'कर' असेल तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. चिपळूणकर म्हटलं की चिपळूण, राजापूरकर म्हटलं की राजापूर. मग हळूच तिसरा प्रश्न येतो, "काय करता आपण?" म्हणजे पोटापाण्याचं काय. नाव, गाव आणि पोट. एवढं समजलं की माणूस कळला असं आपण धरून चालतो. (कळतो की नाही हा भाग वेगळा!)

एका गांधीलमाशीची आणि तिच्या दोन जावांची अशी पूर्ण ओळख पटायला माणसांना शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. त्याची ही हकीकत. मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. किड्यामुंग्यांचं शास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. पण या हकीकतीतला मुख्य माणूस शाळामास्तर आहे, तेव्हा थोडा हक्क आमचाही!

निमित्त झालं आमच्या भाचीचं. तिच्या सासरी कोकणात नारळाची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला शेणखताचा खड्डा. त्या खड्ड्यावर मोठ्या, काळ्या, केसाळ गांधीलमाश्या जमिनीलगत घिरट्या घालताना दिसल्या. तिने फोटो पाठवून विचारलं, "मामा, या कोण? भावोजी म्हणतायत रॉकेल ओतूया." मी लगेच फोन करून सांगितलं, "रॉकेल ओतू नका. घर करून राहणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या गांधीलमाश्या नाहीत या. स्कोलिया कुळातल्या दिसतायत." आता मामा एवढं बोलला म्हटल्यावर पुढचं सगळं सांगणं आलंच.

हे कूळ आपल्याकडेही आहे, आणि जगाच्या बहुतेक उबदार भागांत आहे. ओळखायच्या खुणा अशा. अंग दणकट आणि केसाळ. रंग बहुधा काळा, त्यावर पिवळे, नारिंगी किंवा तांबूस पट्टे नाहीतर ठिपके. पाय आखूड, काटेरी, माती उकरायला केलेले. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे पंखांच्या टोकाकडे बारीक उभ्या सुरकुत्या असतात, नवीन लुगड्याला निऱ्या घालून ठेवाव्यात तशा. या माश्या एकेकट्या राहतात. पोळं नाही, राणी नाही, सैन्य नाही. स्वतः फुलांतला मध पितात, पण त्यांच्या पोरांचं अन्न जमिनीखाली असतं. भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या, म्हणजे आपली हुमणी आणि तिची सगळी भावंडं. हुमणी म्हटलं की ऊसवाल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तर अशा हुमणीच्या मागे जमिनीत शिरणारी ही बाई आहे. मादी माती उकरत जाते, अळी गाठते, नांगी मारून तिला लुळी करते (मारून टाकत नाही, हे महत्त्वाचं), तिच्या पोटावर एक अंडं चिकटवते आणि निघून जाते.

आज हे दोन ओळींत सांगता येतं. अडीचशे वर्षांपूर्वी यातलं अवाक्षरही ठाऊक नव्हतं.

लिनियस या स्वीडिश पंडिताने अठराव्या शतकात प्राणी आणि वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ केली. आडनाव आणि नाव असं समजा. त्यानंतर युरोपात नावं ठेवण्याची अक्षरशः लाट आली. जिथे तिथे बारशी! लंडनमध्ये ड्रू ड्रूरी नावाचा चांदीचा एक कारागीर-व्यापारी होता. त्याला किड्यांचं वेड. परदेशी जाणाऱ्या जहाजांवरच्या लोकांकडून तो जगभरचे किडे मागवायचा, आणि त्यांची रंगीत चित्रं असलेले ग्रंथ छापायचा. अशाच एका ग्रंथात 1773 साली त्याने दक्षिण युरोपातल्या एका मोठ्या गांधीलमाशीला नाव दिलं 'मॅक्युलाटा', म्हणजे ठिपक्यांची. मादी चांगली चार सेंटीमीटरच्या पुढे जाते. काळं अंग, पाठीमागे पिवळे मोठे ठिपके. दोनच वर्षांनी, 1775 मध्ये, लिनियसचा डॅनिश शिष्य फाब्रिसियस याने 'स्कोलिया' हे आडनाव रूढ केलं आणि पश्चिमेकडच्या माशीला 'फ्लाविफ्रॉन्स', म्हणजे पिवळ्या कपाळाची, असं म्हटलं. आज शास्त्रज्ञ दोघांचाही मान ठेवून तिला मेगास्कोलिया मॅक्युलाटा फ्लाविफ्रॉन्स म्हणतात. एवढं लांबलचक नाव आमच्या हजेरीपटात मावलं नसतं.

आता गंमत बघा. कपाळ पिवळं असतं ते मादीचं. नराचं डोकं काळं असतं, मिशा लांब असतात, बांधा लहान असतो. टाचणीला टोचलेले दोन किडे समोर ठेवले तर ही नवराबायको आहेत असं कोण म्हणेल? या कुळात असं पुष्कळदा झालं की नराला एक नाव, मादीला दुसरं, आणि दोन वेगळ्या जाती म्हणून दोघांची पुस्तकात वेगळी नोंद. लंडनच्या किंवा कोपनहेगनच्या पेटीत बसून दुसरं काय होणार? पेटीतला किडा कुठल्या मातीतून आला, कुणाबरोबर उडत होता, काय खात होता, यातलं काही त्या टाचणीबरोबर येत नाही. जुन्या अभ्यासकांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी रंग, शिरा, मिशांची पेरं मोजून ठेवली म्हणून पुढच्यांना बोलता आलं. (मादीच्या मिशीला बारा पेरं, नराच्या मिशीला तेरा. ही मोजदाद आजही उपयोगी पडते.) पण ठिपके आणि कपाळ म्हणजे पासपोर्टचा फोटो झाला. नाव झालं, गाव कुठलं?

गाव सापडलं 1840 साली, इटलीत फ्लॉरेन्सला, आणि तेही कचऱ्याच्या ढिगात. त्या काळी चामडं कमावायला ओकच्या सालीचा चुरा वापरत. आपल्याकडे बाभळीची साल वापरायचे तसंच. वापरून झालेला हा चुरा कुजताना गरम होतो. म्हणून बड्या लोकांच्या बागांतल्या काचघरांत नाजूक झाडांच्या कुंड्या त्या चुऱ्यात पुरून ठेवत. ऊब संपली की चुरा बाहेर फेकायचा. अशा जुन्या ढिगांत युरोपातला गेंड्या भुंगा, म्हणजे ओरिक्टिस नासिकॉर्निस, अंडी घालायचा, आणि त्याच्या बोटाएवढ्या जाड अळ्या तिथे वाढायच्या. कार्लो पासेरिनी या अभ्यासकाने दाखवून दिलं की पिवळ्या कपाळाची स्कोलिया याच अळ्यांवर आपली संतती वाढवते. म्हणजे ज्या माशीचं एक जुनं नाव 'हॉर्टोरम', बागांमधली, असं होतं, तिचं खरं गाव बाग नव्हतंच. बागेमागचा उकिरडा होता! बागेत ती फुलांवर मध प्यायला येते एवढंच. जेवायला एकीकडे आणि नांदायला दुसरीकडे.

आता आमचे मास्तर. जाँ हेन्री फाब्र, जन्म 1823, गरीब घरातला. आधी कार्पांत्रा गावी प्राथमिक शिक्षक, मग कॉर्सिका बेटावर, आणि 1853 पासून आव्हिन्यों शहरातल्या सरकारी शाळेत. घरी पोरांचा गोतावळा, पगार तुटपुंजा, मोकळा वेळ म्हणजे सुट्टीचा दिवस आणि उन्हाळी रजा. ऱ्होन नदीपलीकडे इसार नावाचं वाळूचं, खुरट्या झाडांचं रान होतं. ऑगस्टच्या भर उन्हात हा माणूस मोठी छत्री घेऊन तिथे जाऊन बसायचा. छत्री नसली तर वाळूच्या उंचवट्याआड आडवा होऊन डोकं सशाच्या बिळात घालून गारवा घ्यायचा! 1857 च्या ऑगस्टात तिथे त्याने स्कोलिया पाहिल्या. नर जमिनीलगत घिरट्या घालत वाट बघतायत, एखादी मादी मातीतून वर येते, अंग झटकते, पुन्हा खाली जाते. ती कुठे शिरली, खाली काय करते, हे कळायला मार्ग नाही, कारण ही बाई बीळ मागे ठेवत नाही. पुढे उकरते, मागे माती पडत जाते. मास्तर खणून खणून दमले. गाव समजलं होतं, घर सापडत नव्हतं.

इथे जरा थांबून मास्तरांच्या संसाराबद्दल सांगतो, कारण हे घर सापडायला जी वर्षं लागली ती सगळी काही संशोधनात गेली नाहीत. आव्हिन्योंत फाब्र संध्याकाळी मोफत वर्ग घेत असे. त्या वर्गाला मुलीही येत. त्याने त्यांच्यासमोर फुलांत परागीभवन कसं होतं, फळ कसं धरतं हे समजावून सांगितलं. झालं! गावातल्या सोवळ्या मंडळींना ते अब्रह्मण्यम् वाटलं. चर्चच्या व्यासपीठावरून त्याच्याविरुद्ध बोललं गेलं. ज्यांच्या घरात तो भाड्याने राहत होता त्या दोन वयस्क बहिणींनी महिन्याभरात घर खाली करायला सांगितलं. लेखी करार नव्हताच. 1870 चं ते साल. फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या धामधुमीत हातात पैसा नाही. तेव्हा त्याला तीन हजार फ्रँक उसने दिले ते त्याच्याबरोबर रानोमाळ वनस्पती गोळा करत हिंडणाऱ्या एका इंग्रज मित्राने. तो मित्र म्हणजे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. आपल्या आगरकरांनी ज्याचं नाव आदराने घेतलं तोच हा मिल. मी वर्गात आगरकर शिकवले, मिलचं नाव फळ्यावर लिहिलं, पण त्याने एका किडेवेड्या मास्तराला घरभाड्याच्या अडचणीतून सोडवलं होतं हे पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हतं. फाब्रने पुढे ते सगळे पैसे फेडले. पाठ्यपुस्तकं लिहून फेडले, हे आम्हा मास्तरांनी लक्षात घेण्यासारखं.

शाळा सुटली ती सुटलीच. 1877 मध्ये त्याचा सोळा वर्षांचा मुलगा ज्यूल गेला. हा मुलगा बापासारखाच रानात रमणारा, फुलं आणि किडे हेरण्यात तरबेज. 1879 साली फाब्रच्या कीटककथांचा पहिला खंड निघाला. त्यात त्याने तीन शिकारी गांधीलमाश्यांना 'जूली' हे नाव दिलं, म्हणजे ज्यूलची. त्या स्कोलिया कुळातल्या नाहीत, पण मला त्या इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ड्रूरी आणि फाब्रिसियस यांनी ठिपके आणि कपाळ बघून नावं ठेवली. या बापाने नाव ठेवलं ते दुसऱ्याच कारणासाठी. अशी नावं सहसा पुसली जात नाहीत.

त्याच 1879 साली त्याने सेरिन्यां गावाबाहेर दगडगोट्यांची एक पडीक जागा घेतली. तिकडच्या बोलीत अशा जागेला 'आर्मास' म्हणतात. आपण माळ म्हणू. कुणाला नको असलेली, काट्याकुट्यांची जमीन. त्याला ती हवीच होती, कारण किड्यांना ती हवी होती. आणि इथे, दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट 1880 मध्ये, इसारच्या रानातला प्रश्न सुटला. तोही कसा? फाब्रकडे बुल नावाचा कुत्रा होता. कुंपणाच्या भिंतीला लागून पालापाचोळ्याचा कुजलेला ढीग साचला होता. कुत्र्यांच्या लग्नसराईत हा बुल त्या ढिगावर चढून भिंत ओलांडायचा आणि गावात उंडारायचा! त्याची शिडी काढून टाकायची म्हणून फाविए नावाचा माळी, जुना शिपाईगडी, फावडं घेऊन ढीग हलवू लागला. आणि पहिल्या काही फावड्यांतच आत स्कोलियाचे कोश आणि लठ्ठ पांढऱ्या अळ्या! ही होती दोन पट्ट्यांची स्कोलिया, आणि अळ्या होत्या सेटोनियाच्या, म्हणजे गुलाबावर बसणाऱ्या हिरव्या-सोनेरी भुंगेऱ्याच्या. या अळीची एक तऱ्हा आहे. जमिनीवर ठेवली की पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून चालते. जगात इतकी अवघड चाल दुसऱ्या कुणाची नसेल.

1857 ते 1880. तेवीस वर्षं. ऊन, छत्री, सशाची बिळं, आणि उत्तर स्वतःच्या परसातल्या कचऱ्यात, कुत्र्याच्या कृपेने. पण मला वाटतं, दुसऱ्या कुणाच्या ढिगात ते कोश निघाले असते तर ते फावड्यासरशी फेकले गेले असते. या माणसाने तेवीस वर्षं प्रश्न मनात जिवंत ठेवला होता.

मग तीन जावांचा हिशेब लागला. पिवळ्या कपाळाची थोरली: गेंड्या भुंग्याची अळी, लाकडाचा भुसा, साली, कुजलेले बुंधे. दोन पट्ट्यांची: सेटोनियाची अळी, पालापाचोळ्याचं खत. आणि तिसरी, तुटक पट्ट्यांची: ॲनॉक्सिया नावाच्या भुंगेऱ्याची अळी, वाळवंट जमीन, झाडाझुडपांची मुळं. एकाच फुलावर तिघी शेजारी बसून मध पितील, पण प्रत्येकीचं सासर वेगळं. फुलावर फोटो काढून गाव ठरत नाही ते यासाठी.

फाब्र तिथेच थांबला नाही. स्कोलियाचं पोर लुळ्या अळीच्या पोटाला एका ठरावीक जागी तोंड लावतं आणि एका क्रमाने आत खात जातं. जिवाचे अवयव शेवटी. त्यामुळे अळी अखेरपर्यंत जिवंत, म्हणून ताजी राहते. बारा-पंधरा दिवसांत फक्त कातडी उरते. फाब्रने ते पोर उचलून वेगळ्या जागी लावून पाहिलं. अळी कुजली, पोर मेलं. दुसऱ्या गांधीलमाशीने लुळा केलेला नाकतोडा त्याला दिला. पोराने आवडीने खाल्ला, पण खाण्याचा क्रम चुकला, नाकतोडा सडला आणि पोर विषबाधेने गेलं. हे सगळं त्याने 1886 च्या तिसऱ्या खंडात लिहिलं आहे. इंग्रजी भाषांतर 1921 चं आहे आणि ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. माझ्या नातवाने मोठ्या अक्षरात छापून दिलं, म्हणून माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या बीएने शब्दकोश शेजारी ठेवून ते पुरं केलं.

यावरून फाब्रने निष्कर्ष काढला की एवढी अचूक विद्या हळूहळू येऊच शकत नाही, ती पहिल्यापासून पूर्णच असली पाहिजे, सबब डार्विनचं म्हणणं खोटं. गंमत म्हणजे त्याच डार्विनने आपल्या ग्रंथात फाब्रला अजोड निरीक्षक म्हटलं होतं. फाब्रचा हा निष्कर्ष मला पटत नाही. अर्धवट विद्येवर पिढ्या जगू शकतात, आम्ही शाळेत रोज पाहत होतो! पण निरीक्षण सोळा आणे. दुसऱ्याचं पाहणं घ्यावं आणि मत सोडून द्यावं, असं इतिहासात आपण बखरींच्या बाबतीत करतोच.

आता तुम्ही म्हणाल, एका माशीचं सासर कळून जगाचं काय भलं झालं? तर मॉरिशसला चला.

मॉरिशस म्हणजे ऊस. आणि त्या उसात राबायला गिरमिटावर गेलेल्यांत आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या उसाच्या मुळांशी गेंड्या भुंग्याचाच एक भाऊबंद लागला होता, ओरिक्टिस टारँडस. जमिनीखालच्या अळीला मारणार कोण? उत्तर एका नावात आधीच लिहून ठेवलेलं होतं. शेजारच्या मादागास्कर बेटावर शार्ल कोक्रेल या फ्रेंच आरमारी डॉक्टरने एका स्कोलियाची नोंद केली होती आणि तिला नाव दिलं होतं 'ओरिक्टोफागा'. अर्थ सरळ, ओरिक्टिस खाणारी. कपाळ नाही, ठिपके नाहीत, नावातच पोटापाण्याचा पत्ता! 1917 मध्ये ही माशी मादागास्करहून मॉरिशसला आणून सोडली. ती रुजली आणि तिने त्या किडीला आवर घातला. किडीवर कीड सोडून यश मिळाल्याच्या जुन्या उदाहरणांत याची गणना होते. त्याच सुमारास हवाईतल्या ऊसमळेवाल्यांनीही फिलिपाइन्सहून याच कुळातली एक जात नेली होती. त्यांनाही ती उपयोगी पडली.

सामोआत मात्र वेगळं झालं. 1909 साली श्रीलंकेहून रबराची रोपं गेली, त्यांच्याबरोबर आपला नारळावरचा गेंड्या भुंगाही तिथे उतरला. बेटांवर नारळ हेच पीक, हेच अन्न, हाच पैसा. हा भुंगा नारळाच्या कोवळ्या शेंड्यात घुसतो. मग नवी झावळी उलगडते ती कात्रीने कापल्यासारखी. कोकणातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. 1945 मध्ये झांझिबारहून स्कोलिया रुफिकॉर्निस तिथे नेली. नावाचा अर्थ, तांबड्या मिशांची. आफ्रिकेतल्या ओरिक्टिसवर ती जगायची, तेव्हा नाव, कूळ, घास, सगळं जुळत होतं. माशी रुजलीही. पण तिला अळी गाठता येते ती भुसभुशीत ढिगात, भुशात, सैल मातीत. सामोआत अळ्या पुष्कळशा होत्या त्या मेलेल्या नारळांच्या उभ्या-आडव्या खोडांत, आणि तिथे या बाईचे उकरणारे पाय चालेनात. नाव बरोबर, पोट बरोबर, घर चुकलं. भुंगे कमी झाले ते पुढे, मलेशियात ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाला त्या अळ्यांना मारणारा एक विषाणू सापडल्यावर. तो 1967 मध्ये सामोआत सोडला, आणि खोडातल्या अळीपर्यंत तो पोचला, कारण तो भुंगेच स्वतः घरोघर पोचवत होते.

भारतातल्या गांधीलमाश्यांचा पहिला मोठा जाडजूड ग्रंथ 1897 चा. लिहिणारा चार्ल्स बिंगहॅम, आधी लष्करात, मग ब्रह्मदेशच्या जंगलखात्यात. पुढे 1928 मध्ये बेट्रेम या डच अभ्यासकाने भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या स्कोलियांवर स्वतंत्र ग्रंथ केला. भाचीच्या फोटोतली जात ठरवायची तर अशा ग्रंथांतल्या खुणा लावून पाहाव्या लागतात. त्यासाठी मी तिला कळवलं आहे ते असं. माशी बसलेली असताना पंखांचं टोक स्वच्छ दिसेल असा एक फोटो काढ. मिशा लांब की आखूड, डोकं कुठल्या रंगाचं, ते बघून ठेव, आणि घिरट्या घालणाऱ्या नरांचा फोटो वेगळा पाठव. खड्ड्यातलं खत काढाल तेव्हा फावडं जपून चालवा. पांढरी अळी निघाली आणि तिच्या पोटाला काही चिकटलेलं असलं तर ती कोंबड्यांपुढे टाकू नका, खतासकट बरणीत घालून वर जाळीचं फडकं बांधा. तपकिरी कोश निघाले तर तेही ठेवा. आणि खताचा खड्डा नारळांपासून किती पावलांवर आहे ते मोजून लिही. भावोजींना म्हणावं, रॉकेल परत करा, महाग आहे.